पुढच्या चाकाची थरथर

विमान धावपट्टीवरून धावताना कधीकधी त्याच्या पुढच्या चाकाला अशी थरथर सुटते की, वैमानिकाला समोरचे काटेही नीट दिसत नाहीत. या दुखण्याला 'शिमी' म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत गाजलेल्या, खांदे हलवीत करावयाच्या एका नाचाचे हे नाव. मोटारींच्या चाकांनाही हाच विकार जडे. फ्रान्समध्ये जॉर्ज ब्रूलिए याने १९२५ साली त्याचा संबंध रबरी टायरच्या बाजूला सरकण्याशी जोडला.

अमेरिकेत हजारो माणसे घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी लहान विमाने बांधतात. बांधणारा, दुरुस्त करणारा आणि आत बसणारा बहुधा एकच. तेव्हा पाय मोडला तर भोगणाराही तोच!

आता कारण पाहू. स्टेशनावरच्या सामानाच्या ढकलगाडीचे फिरते चाक आठवा. खडा लागला की ते वळते, पुन्हा सरळ येऊ पाहते. पण रबर व पाय दोन्ही लवचिक असल्याने मध्यावर न थांबता पलीकडे जाते. वेग पुरेसा असेल, तर प्रत्येक झोक्याबरोबर गाडीच्या पुढच्या धावेतूनच थोडी शक्ती चाक चोरते आणि झोका वाढत जातो. ही शक्ती खाऊन टाकणारे घर्षण कमी पडले की शिमी आलीच.

ओरेगॉनमधील व्हॅन्स कंपनीचे आरव्ही-७ए हे विमान घ्या. त्याचे पुढचे चाक मोकळे फिरते. वळण ब्रेकने घ्यायचे. चाकाच्या चिमट्याला आवर घालतात त्या बशीसारख्या वाकवलेल्या पोलादी चकत्या. नाक वर उचलून, चाक अधांतरी ठेवून, आसाशी ताणकाटा अडकवावा आणि बाजूला ओढावे. सुमारे २२ पौंडांना, म्हणजे दहा किलोंना, चिमटा हलला पाहिजे. चकत्या वापराने बसतात, ताण उतरतो; म्हणून नव्या विमानात ही तपासणी लौकर लौकर करावी.

पण नट आवळण्यापूर्वी चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावे. बेअरिंग सैल आहे काय? बोल्ट भोकात खेळतो काय? टायर वाटोळा आहे काय, त्याचा एक भाग जड तर नाही, हवा किती आहे? घाईचे लोक आधी आवर वाढवतात. तक्रार करणाऱ्याचे तोंड बांधले म्हणजे तक्रार मिटली, असे समजणारे व्यवस्थापक मी पुष्कळ पाहिले आहेत. ही त्यांचीच रीत. सैल भाग आत झिजतच राहतो.

एका वेळी एकच बदल करावा, आणि थरथर कोणत्या वेगाला सुरू झाली, कोणत्या वेगाला थांबली, हे दर वेळी वहीत टिपावे. धावतानाच ती सुटली, तर दांडी मागे ओढून पुढच्या चाकावरचा भार हलका करावा व वेग उतरू द्यावा. जोराचा ब्रेक भार उलट नाकावर आणतो.