वाघाचा वाटा

आश्विन वद्य द्वादशीला पुण्या-नाशकात वसुबारस असते. गाय-वासराची पूजा होते आणि दिवाळीला सुरुवात होते. दादरा-नगर हवेलीतलं सुरंगी गाव ज्या डोंगरपट्ट्यात येतं, त्या डहाणू, जव्हार, सुरगाणा, डांगच्या मुलखात कोकणा आणि वारली माणसं त्याच दिवशी वाघबारस करतात. तिथे पूजा होते ती गाईला खाणाऱ्याची. गावाच्या शिवेवर लाकडाची फळी किंवा दगड रोवलेला असतो. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, कुठे शेजारी नाग. त्याला शेंदूर लागतो, नारळ फुटतो, कोंबडं दिलं जातं. गुराखी पोरं घरोघर फिरून धान्य मागून आणतात आणि रानातच शिजवून खातात. एक पोरगा वाघ होतो, बाकीचे त्याला आरडाओरडा करत हाकलतात. या रानांत आता वाघ उरलेला नाही, असलाच तर बिबट्या. वाघदेवाचा वाटा मात्र चुकत नाही.

ज्याच्यापासून भय, त्यालाच हात जोडायचे, असं का? याला केवळ भाबडेपणा म्हणून सोडून देणं अन्यायाचं होईल. जगात वाईट का आहे, या फार जुन्या प्रश्नाला दिलेलं ते एक पुरतं विचारी उत्तर आहे.

वारल्यांच्या देवांमध्ये पाऊस देणारा नारनदेव आहे, धान्याची कणसरी आहे, धरतरी आहे, मोरपिसांच्या जुडग्यात वसणारा घरचा हिरवा आहे आणि वाघ्याही आहे. यांतला कुणीच निव्वळ दयाळू नाही. नारनदेव पाऊस देतो आणि रोखूनही धरतो. देवांना मान लागतो, वाटा लागतो, तो चुकला की ते रुसतात. कोप आणि कृपा एकाच हातातून येतात. त्यामुळे ‘देव चांगला, तर मग माझं लेकरू का गेलं?’ असा आक्रोश इथे वेगळं वळण घेतो. कुणाचं काय द्यायचं राहिलं, असं विचारलं जातं.

पहिला प्रश्न पडायला देव एकच असावा लागतो, शिवाय सर्वशक्तिमान आणि पूर्ण चांगला. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर हा पेच सांगितला जातो: देवाला वाईट थांबवता येत नसेल तर तो दुबळा, थांबवायचं नसेल तर तो निर्दय, आणि थांबवता येतं, थांबवायचंही आहे, तर वाईट येतं कुठून? जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझने १७१० मध्ये देवाची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला. शक्य असलेल्या जगांपैकी हेच सर्वांत चांगलं, असं त्याचं म्हणणं. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, ऐन सर्व संतांच्या सणाला, चर्च भरलेली असताना पोर्तुगालच्या राजधानीचं शहर लिस्बन हादरलं. भूकंपामागून समुद्र आत शिरला आणि आगी भडकल्या. हजारो माणसं मेली. पुढच्याच वर्षी फ्रेंच लेखक व्होल्तेरने या संहारावरची दीर्घ कविता छापून लाइब्निझच्या समाधानाला सुरुंग लावला.

लिस्बनचा हवेलीशी संबंध आहे. मराठ्यांच्या आरमाराने सँटाना हे पोर्तुगीज जहाज पकडलं होतं. त्याची भरपाई म्हणून पेशव्यांशी झालेल्या कराराअन्वये १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगिजांच्या हाती गेली, ती १९५४ पर्यंत. पूर्ण चांगल्या आणि एकमेव देवाची शिकवण या मुलखात त्यांच्याच अमलात रुजली. सिल्वासाचं पोर्तुगीजकालीन चर्च आजही उभं आहे. म्हणजे एकाच आभाळाखाली दोन्ही उत्तरं नांदत आली. एकात दुःख ही परीक्षा किंवा शिक्षा, दुसऱ्यात ती थकबाकी.

दोन्ही उत्तरांना एक धोकादायक फाटा फुटतो, आणि या सगळ्यात काळजीचं काही असेल तर तो फाटा.

लिस्बनमध्ये मालाग्रिडा नावाच्या जेझुइट पाद्र्याने १७५६ मध्ये पत्रक छापलं. भूकंप निसर्गामुळे झालेला नाही, शहराच्या पापामुळे झाला, असं त्याने ठासून सांगितलं. इमारती उभ्या करण्याच्या खटपटीत असलेला मंत्री पोंबाल त्यावर संतापला. पुढे १७६१ मध्ये इन्क्विझिशनने मालाग्रिडालाच पाखंडी ठरवून ठार केलं. बिहारमध्ये १५ जानेवारी १९३४ रोजी भूकंप झाला, तेव्हा ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं खुद्द गांधीजी म्हणाले. हेतू कितीही उदात्त असला, तरी ढिगाऱ्याखाली तर अस्पृश्यही मेले होते. रवींद्रनाथांनी कडक शब्दांत विरोध केला आणि गांधीजींनी तो आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापला. त्या वादात रवींद्रनाथांची बाजू खरी होती, असं आज निःशंकपणे म्हणता येतं.

पाड्यावर हाच फाटा अधिक क्रूर होतो. पोर तापाने फणफणतं, म्हैस आटते, एका घरात लागोपाठ दोन मरणं होतात. भगताला बोलावलं जातं. तो तांदळाचे दाणे टाकतो, जोडीने मोजतो, अंगात वारं घेतो. बहुतेक वेळा निदान साधं असतं: अमक्या देवाचं राहिलंय, कोंबडं द्या. पण कधीकधी दाणे माणसाकडे बोट दाखवतात. मग करणी करणारी भुताळी म्हणून कुणाचं तरी नाव निघतं आणि ते बहुधा बाईचंच असतं. पुष्कळदा ती विधवा असते, एकटी असते, किंवा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. रुसलेल्या देवाची समजूत कोंबड्याने घालता येते. भुताळी ठरलेल्या बाईला मात्र मारहाण सोसावी लागते, गाव सोडावं लागतं, काही ठिकाणी जीवही गमवावा लागला आहे.

अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणं हा त्याखाली गुन्हा आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. गुजरातने आपला कायदा २०२४ मध्ये केला. हवेली या दोन राज्यांच्या मधोमध आहे, आणि महाराष्ट्राचा कायदा तिच्या हद्दीशी थांबतो. सोयरीक, बाजार आणि भगत तिन्हीकडे ये-जा करतात. मग संरक्षणही तिन्हीकडे सारखंच हवं.

यात श्रद्धेलाच आरोपी करायचं असं कुणाला वाटेल, तर त्याने याच पट्ट्यातली १९२२ सालची हकीकत जरूर वाचावी. पालघरच्या किनाऱ्यावर मच्छीमारांमध्ये देवीच्या रोगाची देवी अंगात येऊ लागली. तिला शांत करण्याचा विधी डोंगरातल्या आदिवासींपर्यंत पोचला आणि जव्हार, धरमपूर, डांग करत नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात पसरला. तिचं नाव सलाबाई. रोग देणारी आणि रोग नेणारी ती एकच. ती अंगात आलेल्यांच्या तोंडून सांगू लागली: दारू-ताडी सोडा, मांस-मच्छी सोडा, रोज अंघोळ करा, दारूचा धंदा करणाऱ्या पारशांच्या मजुरीला जाऊ नका. लोकांनी कोंबड्या-बकऱ्या काढून टाकल्या. गुत्ते ओस पडले. गुत्तेवाल्यांच्या कर्जात आणि वेठीत पिढ्यान्‌पिढ्या पिचलेली माणसं हजारोंनी मांडवाखाली बसून देवीचं ऐकत होती. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करून यावर ग्रंथ लिहिला. तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

देवीची लस त्या काळी होतीच, पण पाड्यांपर्यंत ती नीट पोचायला आणखी पाच दशकं गेली. भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मधला. रोग सलाबाईने हटवला नाही, हे उघड आहे. तिने केलं ते वेगळंच. दुःखाचं कारण शोधताना शेजारच्या विधवेच्या घराकडे जाणारं बोट तिने गुत्त्याकडे वळवलं. यात अन्यायही झाला असेल, कारण सगळे पारशी काही सावकार नव्हते. पण गुत्ता आणि वेठ ही खरी, डोळ्यांना दिसणारी कारणं होती आणि ती माणसाच्या हाताने बदलता येत होती.

आजही तापलेल्या पोराला घेऊन आई आधी भगताकडे आणि मग सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात जाते. कधी क्रम उलटा असतो. या दोन वाऱ्यांत तिला विसंगती वाटत नाही आणि तिला त्यावरून हिणवण्याचा अधिकार कुणाला नाही. भगताने कोंबडं मागितलं तर घराला एका कोंबड्याची तोशीस पडते. त्याने एखाद्या बाईचं नाव घेतलं, तर त्याच रात्री पोलीस पाटलाने, शिक्षकाने, आशाताईने तिच्या दारात उभं राहायला हवं.