शिक्षणाची कर्जे एकत्र करावीत का?



आपली मुले-मुली आता इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी शिकून बाहेर पडत आहेत. शिक्षणासाठी पुष्कळ घरांत दोन ठिकाणचे कर्ज असते. थोडे राष्ट्रीयीकृत बँकेचे, कमी पडले ते पतसंस्थेचे. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने बँकेचे हप्ते सुरू होतात आणि मग घरात विषय निघतो, "दोन्हींचं मिळून एकच कर्ज करून टाकू, कटकट जाईल." ऊस नोंदीला शेतावर गेलो की हा प्रश्न हमखास निघतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कर्ज एकत्र केले म्हणून ते कमी होत नाही. नवे कर्ज काढून जुनी दोन भागवायची, एवढाच हा व्यवहार. फायदा-तोटा ठरतो व्याजदरावर आणि मुदतीवर.

समजा, बँकेचे ३ लाख ९ टक्क्यांनी आहेत आणि पतसंस्थेचे दीड लाख १३ टक्क्यांनी. पहिल्या वर्षाचे व्याज ढोबळमानाने २७,००० अधिक १९,५००, म्हणजे ४६,५०० रुपये. दोन्ही मिळून ११ टक्क्यांनी नवे कर्ज घेतले तर व्याज ४९,५०० होते. कटकट गेली, पण ३,००० रुपये घेऊन गेली! १० टक्क्यांनी मिळाले तर ४५,०००. पण स्वस्त कर्जाला हात न लावता फक्त पतसंस्थेचे दीड लाख १० टक्क्यांवर नेले, तर ४२,००० मध्येच भागते. तेव्हा हलवायचेच तर महागडे कर्ज हलवा.

आता मुदत. साडेचार लाख १० टक्क्यांनी ५ वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे ९,५६० आणि एकूण व्याज सुमारे १ लाख २४ हजार. तेच १० वर्षांवर नेले तर हप्ता ५,९५० वर येतो, पण व्याज २ लाख ६४ हजारांवर जाते. हप्ता हलका झाला म्हणून कर्ज स्वस्त झाले असे समजू नये. मुलाचा पगार खरोखरच अपुरा असेल तरच मुदत वाढवावी.

सही करण्यापूर्वी एवढे बघा :

१) ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांनी तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नव्या कर्जासाठी जमीन मागत असतील तर विचार करा. बिनतारणी कर्ज फेडायला सातबारावर बोजा कशाला चढवायचा?

२) सोसायटीचे पीककर्ज यात घालू नका. ते ऊसबिलातून वसूल होते आणि वेळेत फेडले तरच व्याजसवलत मिळते. लागवडीचा, खताचा पैसा तिकडे गेला तर खोडव्याला काय घालणार?

३) मुलगा-मुलगी जुन्या पद्धतीने आयकर भरत असतील तर बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर ८ वर्षे वजावट मिळते. सोनेतारण किंवा वैयक्तिक कर्ज काढून ते भागवले तर ही वजावट जाते.

४) प्रक्रिया शुल्क, विमा, मुद्रांक हा खर्च हिशेबात धरा. बँकेचे बदलत्या दराचे कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड लागत नाही. त्यामुळे ऊसबिल हाती आल्यावर जादा रक्कम भरता येते. ती आधी महाग कर्जात भरा.

दोन्हीकडून बाकी, व्याजदर आणि उरलेले हप्ते लेखी घ्या. उरलेल्या मुदतीत एकूण किती रुपये जाणार, ते जुन्या आणि नव्या कर्जाचे शेजारी-शेजारी मांडा. नवा आकडा खर्चासकट कमी आला तर खुशाल एकत्र करा. नाहीतर दोन पासबुके सांभाळणे काही जड नाही.

— ऊस विकास अधिकारी