हिमालयात जाताय? दुखणं लपवू नका!

मैत्रिणींनो, मुलं मार्गी लागली, आता हिमालयातली गावं पायी हिंडायची म्हणताय? जरूर जा! उत्तराखंडातल्या सांकरीहून वाटाड्याबरोबर ओसला गावाच्या वाटेनं हर-की-दूनला जाता येतं. पण आपलं भंडारा शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम २५० मीटरवर, अन् हर-की-दून सुमारे ३,५०० मीटरवर! तिथली हवा विरळ. आधी महिना-दोन महिने रोज चाला, तुमसरजवळचा आंबागड चढून पाहा. तरीही, पाय कितीही तयार झाले तरी उंची कुणालाही बाधू शकते. घरी आपण दुखणं अंगावर काढतो. तिथे हीच सवय जिवावर बेतते. डोकं दुखलं, मळमळलं, की लगेच वाटाड्याला सांगा. आणखी वर चढू नका. त्रास वाढला तर सरळ खाली उतरा. त्यात कसला आलाय कमीपणा?