छातीतील पाणी काढताना दिली जाणारी स्थानिक भूल

फुप्फुसाभोवतीच्या आवरणाला दोन पातळ पदर असतात. फुप्फुसाला चिकटलेल्या आतल्या पदराला टोचल्याची वेदना जाणवत नाही, मात्र छातीच्या भिंतीला आतून लागून असलेला बाहेरचा पदर बरगड्यांमधील चेतातंतूंमुळे अत्यंत संवेदनशील असतो. त्यामुळे क्षयरोगासारख्या आजारात या पदरांमध्ये साचलेले पाणी सुईने काढायचे असो वा नळी घालायची असो, केवळ त्वचा बधिर करून भागत नाही.

भुलीसाठी सहसा वापरले जाणारे लिग्नोकेन हे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी तयार केले; ते चेतातंतूंच्या पटलातील सोडियमचे मार्ग रोखते, म्हणून वेदनेचा संदेश पुढे सरकत नाही. बारीक सुईने त्वचेत फुगवटी उठवल्यावर लांब सुई बरगडीच्या वरच्या कडेला लागून आत नेतात, कारण खालच्या कडेलगत रक्तवाहिन्या व चेतातंतू असतात. औषध सोडण्यापूर्वी दरवेळी दट्ट्या मागे ओढून सुई रक्तवाहिनीत शिरलेली नाही, हे पाहिले जाते. दट्ट्याबरोबर पाणी आले, की सुई बाहेरचा पदर ओलांडून गेली असे समजते, आणि मग ती किंचित मागे घेऊन त्या पदरापाशीच औषध सढळपणे सोडावे लागते. त्यानंतर काही मिनिटे थांबणे अत्यावश्यक असते; घाईत ही मिनिटे गाळणे रुग्णावर अन्यायच होय.

एक टक्का द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते, म्हणून वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा पाळल्यास ५० किलोच्या रुग्णाला १५ मिलिलिटरपर्यंत द्रावण देता येते. मात्रा फार वाढल्यास ओठांभोवती मुंग्या येतात, कानात आवाज घुमतो आणि आकडीही येऊ शकते.