दोरी, बाकडं आणि क्वेचुआ बोलणारी परिचारिका

पेरू देशात, अँडीज पर्वतराजीतल्या आयाकुचो भागात सांतियाना नावाचा दुर्गम जिल्हा आहे. १९९९ साली तिथल्या शंभर बाळंतपणांपैकी जेमतेम सहा दवाखान्यात होत. बाकीच्या बायका घरीच बाळंत होत. रक्तस्राव थांबला नाही तर डोंगर उतरेपर्यंत उशीर होई.

अशा वेळी बायकांच्या अज्ञानाला बोल लावणं सोपं असतं. इथे मात्र आरोग्य खात्याने आणि एका स्वयंसेवी संस्थेने आधी त्यांनाच विचारलं: दवाखान्यात का येत नाही? कारणं साधी होती. तिथे स्पॅनिश बोलतात, यांची भाषा क्वेचुआ. घरी बाई दोरीला धरून उकिडवी बसते, नवरा पाठीमागून आधार देतो, सुईण जवळ असते, अंग उबदार ठेवतात. दवाखान्यात कपडे उतरवून गार खोलीत उताणं झोपवतात, घरच्यांना दाराबाहेर काढतात. आणि वार? ती रिवाजाप्रमाणे पुरायची असते, नाहीतर आईला आजार जडतो अशी श्रद्धा. दवाखाना ती कचऱ्यात टाकी.

या अविश्वासाला इतिहासही होता. बंडखोर आणि लष्कर यांच्यातल्या हिंसाचाराची दोन दशकं आयाकुचोने सर्वाधिक सोसली. १९९०च्या दशकात, राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्या राजवटीत, हजारो गरीब, ग्रामीण बायकांवर खऱ्या संमतीविना नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत क्वेचुआ बायका मोठ्या संख्येने होत्या. सरकारी दवाखान्याची भीती कुठून आली, हे कुणी वेगळं सांगायला नको.

मग प्रसूतीची खोली बदलली. छताला दोरी आली, बसायला बाकडं आलं. नवरा, सासू, सुईण आत येऊ लागले. क्वेचुआ येणारे कर्मचारी नेमले गेले, वार कुटुंबाच्या हाती दिली जाऊ लागली. औषधं आणि प्रशिक्षित हात मात्र जागच्या जागी राहिले. २००७ पर्यंत दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण ८३ टक्क्यांवर गेलं. २००५ मध्ये पेरू सरकारने बसून किंवा उभ्याने होणाऱ्या प्रसूतीसाठी देशभर लागू होणारी नियमावलीच काढली.

ही नुसती रिवाजाची भलामण नाही. ताठ स्थितीत चिमटा लावण्याची किंवा छेद घेण्याची वेळ कमी येते, असं वैद्यकीय अभ्यास सांगतात. रक्तस्राव थोडा वाढू शकतो, म्हणून तर जवळ कुशल परिचारिका हवी. प्रसूतीची स्थिती आणि सोबतीचं माणूस बाईने निवडावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली.

वार पुरण्याची रीत महाराष्ट्रातल्या खेड्यांनाही ठाऊक आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतिणीजवळ घरची बाई असू द्यावी, अशी मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्ये दिली. गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ आहे. दूरच्या पाड्यावरची गर्भवती दिवस भरत आले की नातेवाइकासह तिथे येऊन राहते. पण कळा सुरू झाल्यावर तिला तिच्या माडिया भाषेत धीर देणारी परिचारिकाही भेटायला हवी, आणि त्यासाठी त्याच गावांतल्या मुलींना नर्सिंगचं शिक्षण मिळायला हवं.