बोलीतली इंग्रजी (भाग ९) : नंबर

कंधारच्या बाजारात कुणी म्हणालं, 'त्यांच्या लेकराला नंबर लागला,' तर लेकराला चष्मा लागला. 'लेकराचा नंबर लागला' म्हटलं, तर पेढे मागायचे. मेडिकलला प्रवेश मिळाला. 'लेकरानं नंबर लावला' म्हणजे ते दवाखान्यात नाहीतर रेशन दुकानापुढं रांगेत आहे, आणि 'लेकरानं नंबर काढला' म्हणजे शाळेत पहिलं-दुसरं आलं. इंग्रजी शब्द चारही ठिकाणी तोच. अर्थ ठरवतात ते आपले प्रत्यय आणि आपली क्रियापदं. म्हणून 'नंबर'ला परका शब्द म्हणणं मला पटत नाही. 'क्रमांक' हा चांगला शब्द आहे, पण डोळ्याला क्रमांक लागत नाही.

हा शब्द आपल्याकडे कचेरीतून आला. इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली आणि शेताला सर्व्हे नंबर मिळाला. उत्तरेत सारा भरणाऱ्या गावप्रमुखाला तर 'लंबरदार' म्हणू लागले. इंग्रजी 'नंबर'ला फारसी 'दार' जोडलेला. कंधार सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, कचेरीची भाषा उर्दू होती. पण शेतकऱ्याच्या तोंडी सर्व्हे नंबर आणि पुढं गट नंबर असे रुळले की त्यांना दुसरा शब्दच उरला नाही. जुनी माणसं 'लंबर' म्हणतात, त्याला अडाणीपणा समजू नये. 'न' आणि 'ल' यांची अदलाबदल मराठीत फार जुनी आहे. संस्कृत 'निम्ब'चा आपण 'लिंब' केला आणि 'लांगल'चा 'नांगर'.

कागदावरचा आकडा माणसांना लागला तो टंचाईमुळं. वस्तू थोडी आणि माणसं फार, तिथं नंबर आलाच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा उन्हाळ्यात नळावर, टँकरवर बाईच्या जागी तिची घागर उभी असते आणि तो 'घागरीचा नंबर' सगळी गल्ली मानते. हीच रीत प्रवेशाला लागू झाली. जागा मोजक्या, यादी गुणवत्तेची. एके काळी डी.एड.ला नंबर लागला की घर सुटकेचा श्वास टाकायचं. आज तीच आस नीटच्या निकालाला लागलेली असते. वापर इतका वाढला की आता 'नंबर'ही गळाला. 'पहिल्या राउंडला लागला का?' एवढंच विचारतात. वाक्यात नसलेला शब्दही ऐकणाऱ्याला ऐकू येतो, यापेक्षा मोठी आपुलकी कुठली?

'एक नंबर'ची वाट निराळी. आडतीवर एक नंबर माल म्हणजे पहिल्या प्रतीचा. तिथून तो भज्यांना, फटक्याला, माणसाला लागला. मग 'एक नंबरचा लबाड' आला. इथं कौतुक पार गेलं, फक्त टोक उरलं. या हिशेबानं 'दोन नंबर' थोडा हलका माल ठरायला हवा होता, पण 'दोन नंबरचा पैसा' म्हणजे हिशेबाबाहेरचा, लपवलेला. लेकरू 'दोन नंबरला' जातं तो अर्थ तर पुन्हा वेगळाच, आणि तो इंग्रजी बालबोलीतून तसाच आलेला.

शब्दाच्या या अनेकार्थतेला युरोपात नाव दिलं ते मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं, १८९७ च्या ग्रंथात. नवा अर्थ जुन्याला हुसकावत नाही, दोघं शेजारी नांदतात, हे त्याचं निरीक्षण आपल्या बाजारात रोज खरं होतं.

कधी मूळ हरवतं आणि अर्थ तेवढा राहतो. फसवणाऱ्याला आपण 'चारशेवीस' म्हणतो, ते १८६० च्या भारतीय दंडसंहितेतल्या कलमावरून. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. पोलीस ठाण्याच्या कागदावर नवा आकडा चढला. बाजारातल्या भांडणात मात्र अजून कुणी कुणाला 'तीनशेअठरा' म्हटलेलं नाही.