‘श्यामा’चा खटला : अश्लील काय, हे कोणी ठरवायचे?

नाटक निवडायला बसलो की आपल्याकडे एक वाद बहुधा होतोच. संहितेतल्या एखाद्या संवादावर कोणीतरी बोट ठेवतो, “समोर घरची बायकामुले बसलेली असतात, हे कसे चालेल?” दुसरा म्हणतो, “आधी सगळे नाटक वाच, मग बोल.” वाद घरगुती वाटतो खरा, पण नेमका हाच प्रश्न एका मराठी कादंबरीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. कायदा आणि साहित्य यांचे नाते समजून घ्यायला तो खटला फार उपयोगी आहे.

कादंबरीचे नाव ‘श्यामा’, लेखक चंद्रकांत काकोडकर. त्यांच्याच ‘निलांबरी’ या कादंबरीवरून ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट निघाला. आडनाव आपल्या गोव्यातल्या काकोड्याची आठवण करून देणारे, आणि वाचक सगळ्या मराठी मुलखात पसरलेले. ‘श्यामा’ १९६२ साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात छापून आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तरुणी, अशी ती गोष्ट. तिच्यातला काही मजकूर अश्लील आहे अशी तक्रार झाली आणि लेखकासह मुद्रक-प्रकाशक व विक्रेता यांना आरोपी म्हणून उभे राहावे लागले.

त्या वेळी लागू असलेले कलम म्हणजे भारतीय दंड संहितेचे २९२. अश्लील पुस्तक विकणे, वाटणे हा गुन्हा आहे असे ते सांगे. पण अश्लील म्हणजे काय, याची व्याख्या तेव्हा त्यात नव्हती. म्हणून न्यायालये १८६८ सालच्या एका इंग्रजी खटल्यातली कसोटी वापरत. पुस्तक ज्यांच्या हाती पडण्याचा संभव आहे, आणि ज्यांचे मन अशा गोष्टींनी बिघडू शकते, त्यांना ते बिघडवील काय, अशी ती कसोटी. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’च्या खटल्यात १९६४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही थोडीफार मुरड घालून तीच मान्य केली होती. तिच्यातली अडचण उघड आहे. सर्वांत कच्च्या मनाच्या वाचकाला माप धरले, तर प्रौढांसाठी लिहिलेले कितीसे साहित्य त्या मापात बसेल?

‘श्यामा’च्या बाबतीत दंडाधिकाऱ्यांनी सर्वांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि लेखकाला २५ रुपये दंड केला. अंकाच्या प्रती नष्ट करण्याचाही आदेश झाला. पंचवीस रुपये भरून काकोडकर मोकळे होऊ शकले असते. पण दंड भरणे म्हणजे आपण लिहिलेले घाण आहे हे मान्य करणे. ते दिल्लीला गेले. २५ ऑगस्ट १९६९ रोजी निकाल लागला आणि त्यांची शिक्षा रद्द झाली.

त्या निकालाचा मथितार्थ असा : एखादा सुटा वाचक बिघडेल काय हे पाहू नये, वाचकांच्या एका वर्गावर परिणाम होईल काय हे पाहावे. आक्षेपाचा मजकूर वेगळा तपासावाच, पण संपूर्ण कृतीच्या संदर्भात. नीतीच्या कल्पना देशागणिक वेगळ्या असतात आणि काळाबरोबर बदलतात, म्हणून माप आजच्या समाजाचे हवे. आणि गोष्टीत चुकीचे वागणे दाखवले, पण तिचा रोख त्या वागण्याचा निषेध करण्याकडे असला, तर ते वाचून तरुण मुले बिघडतील असे म्हणता येत नाही.

योगायोग असा की, दोनच आठवड्यांनी, ७ सप्टेंबर १९६९ पासून, कलम २९२ बदलले. कृती एकंदरीने पाहावी हे कलमातच आले. साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी केलेले प्रकाशन वगळले गेले. मात्र सवलत आली तशी शिक्षाही वाढली : पूर्वी तीन महिन्यांपर्यंत कैद होती, ती पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत गेली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये आहे.

पुढे १९८५ साली समरेश बसूंच्या ‘प्रजापती’ या बंगाली कादंबरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशालाच एक पथ्य सांगितले. आधी लेखकाच्या जागी उभे राहून त्याला काय म्हणायचे आहे ते समजून घ्यावे. नंतर निरनिराळ्या वयाच्या वाचकांच्या जागी उभे राहावे. आणि मगच निर्णय द्यावा.

आपल्या गोव्याला यातली आणखी एक बाजू ठाऊक आहे. सालाझारच्या राजवटीत मजकूर छापण्याआधीच सेन्सॉरपुढे ठेवावा लागे; लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसत, असे जुनी माणसे सांगत. तिथे वाद घालायला जागाच नव्हती. खटल्यात निदान पुस्तक आधी वाचकांपुढे येते, आरोप उघड होतो, लेखकाला उत्तर देता येते आणि निकालावर अपील करता येते. काकोडकरांना सात वर्षे लागली हे खरे. पण सेन्सॉरच्या लाल रेघेवर अपील कुठे करणार?

म्हणून पुढच्या वेळी संहितेवर बोट ठेवले गेले, तर रागावू नये. तो प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र विचारणाऱ्याने आधी सगळी संहिता वाचलेली असावी. तो संवाद गोष्टीत कशासाठी आला आहे आणि आपण कोणत्या काळाचे माप लावतो आहोत, हेही पाहावे. एवढे झाल्यावर संवाद ठेवायचा की गाळायचा, ते सर्वांनी बसून ठरवावे.